खुणा नसलेल्या माळावर

इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन काउंटीत डार्टमूर आहे. त्याच्या उत्तर भागात, कुठल्याही रस्त्यापासून लांब, क्रॅनमियर पूल नावाची जागा आहे. नकाशा तिला तळं म्हणतो, पण तिथे आहे तो काळ्या मातीचा एक खळगा. १८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट या वाटाड्याने तिथे एक बाटली ठेवली. त्याच्यामागून चालत इथवर पोचलेल्या पाहुण्याने आपलं कार्ड तिच्यात टाकायचं. पेरटचं पोट या पाहुण्यांवर चालत असे, कारण त्याच्याशिवाय इथे येणं आणि मुख्य म्हणजे इथून परत जाणं बहुतेकांना जमणारं नव्हतं.

आज त्याच माळावर चौदा वर्षांची मुलं नकाशा आणि होकायंत्र घेऊन, सोबत एकही मोठं माणूस नसताना, दोन दिवस चालतात. वाटाड्यापासून स्वतःच्या डोक्यापर्यंतचा हा प्रवास व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागली. त्यात नकाशे बनवणाऱ्यांचा वाटा आहे, होकायंत्र सुधारणाऱ्यांचा आहे, जमिनीवर पाय ठेवण्याच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेल्यांचा आहे. आणि आता प्रश्न असा आहे की हे सगळं मिळवून झाल्यावर वाटाड्या पुन्हा खिशात येऊन बसला आहे का. उघड्या माळावर आपलं आपण, लांबचं अंतर, दिशा शोधत चालण्याच्या या साऱ्या प्रकाराकडे एकदा नीट पाहायला हवं.

आधी जमीन. ब्रिटनमध्ये मूर म्हणतात ते उंचावरचं, पावसाचं, गवताचं आणि हेदरच्या झुडपांचं माळरान. डार्टमूर हे १९५१ सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे, क्षेत्रफळ ९५४ चौरस किलोमीटर. खाली ग्रॅनाइट आहे. तो जागोजागी माथ्यांवर उघडा पडून खडकांचे ढीग झाले आहेत, त्यांना टॉर म्हणतात. सर्वांत उंच हाय विलहेज, ६२१ मीटर. म्हणजे उंचीच्या हिशेबाने आपल्या बऱ्याच किल्ल्यांपुढे काहीच नाही. अडचण उंचीची नाहीच. ग्रॅनाइटमधून पाणी मुरत नाही, पाऊस भरपूर, आणि हजारो वर्षं नीट न कुजलेल्या वनस्पतींचा थरावर थर साचून वर पीट तयार झालेलं. डार्ट, टेन, टॉ, टॅव्ही या नद्या याच ओल्या पठारातून निघतात. पावलागणिक गवताचे गुडघाभर उंच गड्डे, मधे पाणी, पुढे पीटला पडलेल्या माणूसभर खोल चरी. १९०० सालाच्या आसपास फ्रँक फिलपॉट्स या गृहस्थांनी गुरं हाकणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना पार होता यावं म्हणून हे पीट कापून काही अरुंद वाटा काढल्या. त्यांच्या तोंडाशी उभे केलेले छोटे दगड आजही चालणाऱ्याला पावतात.

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं. आपल्याकडे डोंगरच वाट ठरवतो. कडा म्हणजे नाही, नाळ म्हणजे कदाचित, सोंड म्हणजे हो. वाट मोडली तरी ती कुठे नसणार हे कळतं. डार्टमूरवर जमीन कुठेच अडवत नाही, आणि म्हणूनच ती काही सांगतही नाही. चारही बाजूंना सारखाच उतार, सारखंच गवत, मेंढ्यांनी पाडलेल्या वाटा कुठूनही कुठेही जाणाऱ्या. त्यात धुकं उतरलं की शंभर मीटरवरचा टॉरही दिसेनासा होतो.

डेव्हनमधले लोक म्हणायचे की पिक्सी नावाची छोटी भुतं माणसाला अशा वेळी गोल गोल फिरवतात. अंगातला कोट उलटा करून घातला की सुटका. कोकणात चकवा लागल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. मला तर या दोन्ही समजुती निरीक्षणातून आलेल्या वाटतात. डोळ्यांना लांबची खूण मिळाली नाही की माणूस खरोखरच वर्तुळात फिरतो, आणि कोट काढून उलटा करून घालेपर्यंत का होईना, थांबतो. धुक्यात हरवलेल्याने सर्वांत आधी करायचं तेच तर असतं.

आता साधनं. नकाशा आणि होकायंत्राने वाट काढण्याचा प्रकार, ओरिएंटिअरिंग, खेळ म्हणून स्कँडिनेव्हियात जन्मला. लोकांसाठी खुली अशी पहिली स्पर्धा १८९७ साली नॉर्वेत झाली, आणि पहिल्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये अर्न्स्ट किलांडर या लष्करी अधिकाऱ्याने त्याला आजचं रूप दिलं. १९३०च्या दशकात स्वीडनमध्येच पारदर्शक पट्टीवर बसवलेलं, द्रवाने भरलेलं होकायंत्र बाजारात आलं. नकाशावर ठेवून कोन थेट मोजता येऊ लागल्यावर हे शास्त्र लष्करी शाळेतून बाहेर पडून शाळकरी पोरांच्या हातात आलं. नकाशे मात्र लष्करानेच दिले. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेची सुरुवात १७९१ची, आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाची १७६७ची. दोन्हींचा उगम सैन्याच्या गरजेत. फरक पुढे पडला. तिकडचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात मिळतो, तर आपल्याकडे टोपोशीट, म्हणजे असाच तपशीलवार नकाशा, मिळवणं हे कित्येक दशकं परवानगीचं काम होतं. महाराष्ट्रात डोंगर भटकणाऱ्यांच्या पिढ्या नकाशापेक्षा गावातल्या मामांवर आणि खडकांवर रंगवलेल्या बाणांवर विसंबून तयार झाल्या, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

प्रत्यक्षात काम कसं चालतं? समजा धुक्यात दोन किलोमीटर लांबच्या एका ओढ्यांच्या संगमावर पोचायचं आहे. होकायंत्राची कड नकाशावर दोन बिंदूंना जोडून लावायची, सुईची डबी फिरवून तिच्यातल्या रेषा नकाशाच्या उभ्या रेषांशी जुळवायच्या, मग सुई डबीतल्या बाणात बसेपर्यंत स्वतः फिरायचं. समोर जी दिशा येईल ती आपली. पण हातून एका अंशाची चूक झाली तर किलोमीटरमागे सुमारे साडेसतरा मीटर बाजूला जातो. चार अंशांची चूक थंडीत, वाऱ्यात अगदी सहज होते. म्हणजे दोन किलोमीटरवर जवळजवळ दीडशे मीटर. ओढा लागेल, पण संगम डावीकडे राहिला की उजवीकडे हे कळणार नाही. म्हणून जाणती माणसं नेम मुद्दाम एका बाजूला धरतात. संगमाच्या बरंच डावीकडे निघायचं, ओढा लागला की उजवीकडे वळायचं, शंका उरत नाही. नेमकी चूक किती होईल हे कुणालाच ठाऊक नसतं, पण ती कुठल्या बाजूला होणार हे आपण ठरवून ठेवतो. या सगळ्या विद्येतला हा मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग.

अंतर पावलांनी मोजतात. सपाटीवर शंभर मीटरला डाव्या पायाची साठ-पासष्ट पावलं पडतात, गवताच्या गड्ड्यांतून त्याहून कितीतरी जास्त. प्रत्येकाने आपला आकडा आधी काढून ठेवायचा. वेळेसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला नियम अजून चालतो. आजच्या मापांत तासाला पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर दहा मीटरला एक मिनिट जादा. सहा किलोमीटर अंतर आणि दीडशे मीटर चढ म्हणजे ८७ मिनिटं. ओल्या पीटवर हा आकडा दीडपट धरणाराच वेळेवर पोचतो. वेळेचा हिशेब ठेवण्याचं खरं कारण घाई नाही. 'आत्तापर्यंत पोचायला हवं होतं' हे घड्याळ सांगतं, तेव्हाच चूक लहान असताना सापडते.

होकायंत्राच्या उत्तरेबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. चुंबकीय उत्तर सरकत असते. नोव्हेंबर २०२२मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लँग्टन मॅट्रॅव्हर्स या गावाजवळ खरी उत्तर, नकाशाची उत्तर आणि चुंबकीय उत्तर या तिन्ही इतिहासात प्रथमच एका रेषेत आल्याचं ऑर्डनन्स सर्व्हेने जाहीर केलं. डार्टमूरवर आज नकाशा आणि सुई यांच्यातला फरक जेमतेम एक-दोन अंशांचा आहे. १९८०च्या दशकात कुणी सुईवरून लिहून ठेवलेली दिशा तशीच धरली तर बरीच चुकेल. मोबाइलच्या चुंबकी कव्हरशेजारी ठेवलेलं होकायंत्र तर कधी कधी चक्क उलटं होऊन दक्षिणेला उत्तर म्हणतं. दोघांना वेगवेगळ्या खिशांत ठेवावं.

या विद्येचे उपयोग अनेक, पण ज्यात वाट चालणाऱ्याने स्वतः निवडायची असते त्यांचाच विचार इथे करू. निशाणं लावलेल्या ठरावीक ठिकाणांवर तास-दीड तास धावण्याचा जंगलातला खेळ वेगळा. तो छान आहे, पण त्यात मुक्काम नाही आणि हवामानाशी गाठ नाही.

पेरटच्या बाटलीपासून निघालेला लेटरबॉक्सिंगचा छंद हा डार्टमूरचा खास. बाटलीच्या जागी पेटी आली, वही आली. १९३७ साली क्रॅनमियरला दगडी बांधणीची पेटी बसली. १९३८ साली दक्षिणेच्या डक्स पूलपाशी आणखी एक, विल्यम क्रॉसिंगच्या स्मरणार्थ. या क्रॉसिंगने १९०९ साली डार्टमूरची वाटदर्शिका लिहिली आणि तिच्यावर आजही लोक विसंबतात. १९७०नंतर छंद फोफावला. कुठल्याशा टॉरच्या पोटात, दगड सरकवला की आत प्लॅस्टिकची बरणी, तिच्यात रबरी शिक्का आणि ओलसर झालेली छोटी वही. शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला त्या वहीत. बरणी कुठे आहे ते सांगणारी सूचना मात्र कोड्यासारखी असते. अमुक टॉर इतक्या अंशांवर, तमुक टॉर तितक्या अंशांवर, तिथून इतकी पावलं. म्हणजे दोन ज्ञात खुणांवरून स्वतःची जागा काढण्याचा धडाच, आणि दहा वर्षांचं मूल तो खेळता खेळता शिकतं. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये जिओकॅशिंग सुरू झालं. कल्पना तीच, पण तिथे यंत्र जागा सांगतं. डार्टमूरच्या जुन्या मंडळींनी आपला छंद अंशांवर आणि पावलांवरच ठेवला याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

दुसरा प्रकार टेन टॉर्स. १९६०पासून लष्कर हा उपक्रम भरवतं. ओकहॅम्प्टनच्या छावणीतून सहा-सहा जणांचे सुमारे चारशे संघ निघतात, वय १४ ते १९. वयानुसार ३५, ४५ किंवा ५५ मैल, दहा टॉर, दोन दिवस. तंबू, जेवण, चूल सगळं पाठीवर. दहा टॉर कोणते ते ठरलेलं असतं, त्यांच्यामधली वाट मुलांनी ठरवायची. वळसा घालून कोरड्यावरून जायचं की दरीत उतरून सरळ, यावर सहा जणांचं भिजल्या अंगाने एकमत करणं हा खरा अभ्यास. महिनोन्‌महिने सराव चालतो. त्याची किंमतही मोजावी लागली आहे. मार्च २००७मध्ये अशाच सरावात फुगलेला ओढा ओलांडताना चौदा वर्षांची एक मुलगी वाहून गेली आणि दगावली. नकाशावर ओढा म्हणजे एक निळी रेघ. पीटवर पाऊस पडला की तीच काही तासांत कमरेएवढी होते. दिशा बरोबर असूनही पुढे न जाण्याचा निर्णय घेता येणं हे या विद्येचं पहिलं अंग मानायला हवं, शेवटचं नव्हे.

तिसरा, मोठ्यांचा प्रकार म्हणजे डोंगरी मॅरेथॉन. १९६८ साली गेरी चार्नली यांनी जोडीने, दोन दिवस, सगळं सामान पाठीवर घेऊन धावण्याची स्पर्धा सुरू केली. ती दरवर्षी ऑक्टोबरअखेर, मुद्दाम वाईट हवेत, वेगळ्या डोंगराळ मुलखात भरते. २००८ साली लेक डिस्ट्रिक्टमध्ये वादळी पावसाने ती अर्ध्यातच रद्द करावी लागली, तेव्हा १,७०० जण बेपत्ता असल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. प्रत्यक्षात ती माणसं कुठे तंबूत, कुठे शेतघरात, कुठे दगडखाणीच्या इमारतीत रात्र काढून दुसऱ्या दिवशी चालत खाली आली. बाहेरच्यांना ती सापडत नव्हती, पण स्वतः कुठे आहोत हे त्यांना ठाऊक होतं. हरवणं आणि संपर्कात नसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे एरवी इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

कुठल्याही संस्थेविना करायचं असेल तर उत्तरेच्या बेलस्टोनपासून दक्षिणेच्या आयव्हीब्रिजपर्यंत संपूर्ण डार्टमूर पार करणं आहेच, तीस मैलांच्या आसपास. कुणी एका दमात करतात, बरेच जण मधे मुक्काम टाकतात.

उघड्या माळाचं पुढे काय होतं याचा धडा मात्र डार्टमूरने नाही, यॉर्कशरने दिला. १९५५ साली बिल काउली नावाच्या शेतकऱ्याने आव्हान दिलं की नॉर्थ यॉर्क मूर्स पश्चिमेच्या ऑस्मदर्लीपासून पूर्वेला समुद्राकाठच्या रेव्हन्सकारपर्यंत, चाळीस मैल, चोवीस तासांत, मूरवरूनच चालत पार करून दाखवा. वाट ज्याची त्याने शोधायची. लाइक वेक वॉक हे त्याचं नाव. हजारो लोक आले. पण पहिल्यांच्या पावलांवर दुसरे गेले, दुसऱ्यांच्या पावलांवर तिसरे. हेदर तुडवलं गेलं, पीट उघडं पडलं, पावसाने चर खणले, आणि जिथे दिशा शोधायची होती तिथे एक रुंद चिखलाचा पट्टा तयार झाला. शेवटी मोठ्या गटांना आवर घालावा लागला आणि मार्गाचं नाव नकाशावरून काढावं लागलं. आव्हान जसंच्या तसं होतं, पण करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

आज हेच मोबाइलवरून घडतं आहे. कुणीतरी एकदा चाललेल्या वाटेची रेषा उतरवून घेतली जाते आणि शेकडो जण त्याच रेषेवरून जातात. यंत्राला माझा विरोध नाही. पाठपिशवीत, बंद करून, कोरड्या पिशवीत ठेवलेला फोन जीव वाचवतो, आणि तो असायलाच हवा. पण ओल्या बोटांना दाद न देणारा पडदा आणि थंडीत झरझर उतरणारी बॅटरी यांच्यावर दोन दिवसांची चाल सोपवणं धोक्याचं आहे. तीन-तीन शब्दांनी जागा सांगणाऱ्या ॲपवरून आलेले पत्ते चुकीचे निघाल्याची तक्रार ब्रिटनच्या डोंगरी बचाव पथकांनी २०२१ साली जाहीरपणे केली. नकाशाच्या चौकटींवरून काढलेला सहा आकड्यांचा पत्ता, म्हणजे ग्रिड रेफरन्स, वाचता येणाऱ्याला ती अडचण येत नाही. त्याहून मोठं कारण जमिनीचं आहे. प्रत्येकाने आपली वाट आपण काढली तर पावलं विखुरतात आणि माळ उघडा राहतो; सगळे एका रेषेवर आले तर दहा-वीस वर्षांत तिथे रस्ता होतो. इथे कौशल्य आणि जपणूक या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. याच कारणाने मूरच्या आतल्या भागात खांब, बाण आणि पाट्या लावण्याच्या मी ठाम विरोधात आहे. काठावर, गावांजवळ हव्या तेवढ्या असोत.

आणि हक्क? तो आपोआप मिळालेला नाही. पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या डार्बिशरच्या किंडर स्काउट या मूरवर २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रोथमन या तरुणाच्या पुढाकाराने कारखान्यांतली शेकडो पोरं मनाई मोडून चढली. पाच जण तुरुंगात गेले. १९४९च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानं आली, २०००च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या उघड्या माळांवर पायी फिरण्याचा हक्क आला. पण त्यात रात्री राहण्याचा हक्क नाही. स्कॉटलंडमध्ये तो २००३च्या कायद्याने आहे. इंग्लंडमध्ये तो फक्त डार्टमूरच्या सामाईक जमिनींवर, १९८५च्या डार्टमूर कॉमन्स ॲक्टमुळे, मानला जात होता. मोठ्या जमिनीच्या मालक असलेल्या एका दांपत्याने त्यालाच न्यायालयात आव्हान दिलं. जानेवारी २०२३मध्ये उच्च न्यायालयाने हक्क नाही म्हटलं, जुलैमध्ये अपील न्यायालयाने तो परत दिला, आणि २१ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शिक्कामोर्तब केलं की मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यात तंबू टाकून झोपणंही येतं. लांबच्या चालीसाठी हा निकाल कळीचा आहे. संध्याकाळी गाडीपाशी परतायचंच असेल तर माणूस काठाकाठानेच फिरतो. मुक्काम करता आला तरच माळाचा गाभा त्याच्या आवाक्यात येतो. हक्काबरोबर बंधनंही आहेत. लहान तंबू, एखाद-दोन रात्री, रस्त्यांपासून आणि कुंपणांपासून लांब, उघड्यावर विस्तव मुळीच नाही. कोरडं पीट आत आत धुमसत राहतं. मार्चपासून जुलैअखेर जमिनीवर घरटी करणारे पक्षी अंड्यांवर असतात, तेव्हा कुत्रा दोरीनेच बांधून न्यावा लागतो.

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या, आणि पाय सह्याद्रीत तयार झालेल्या मराठी मुलामुलींनी हे जरूर करावं, पण पहिल्याच खेपेला क्रॅनमियर गाठायला निघू नये. आधी असा तुकडा निवडावा ज्याला चारही बाजूंनी रस्ता, भिंत किंवा नदी आहे. मग कितीही चुकलं तरी कुठल्यातरी ओळखीच्या रेषेवर येऊन आपटतो. उजेडात, स्वच्छ हवेत, धुकं असल्याचं गृहीत धरून पावलं मोजत चालून पाहावं, आणि समोर दिसत असतानाही होकायंत्रावर विश्वास ठेवून पाहावा. उत्तर भागात ओकहॅम्प्टन, मेरिव्हेल आणि विल्सवर्दी ही लष्कराची गोळीबार क्षेत्रं आहेत. त्यांच्या हद्दीवर लाल-पांढरे खांब आहेत, सराव असेल त्या दिवशी टेकड्यांवर लाल निशाणं आणि रात्री लाल दिवे लागतात. गोळीबाराच्या वेळा आधी प्रसिद्ध होतात. निघण्यापूर्वी त्या पाहाव्यात, कुठून कुठे आणि किती वाजेपर्यंत ते घरी सांगून ठेवावं. वाटेत धातूची वस्तू पडलेली दिसली तर हात लावू नये. शिट्टी, टॉर्च, लोकरीचा एक जादा थर, आणि त्या त्या तुकड्याच्या नकाशाची कागदी प्रत, पाण्यापासून झाकलेली. नदी वाढलेली दिसली तर वळसा, मग तो कितीही लांबचा असो.